दातांचा थ्रीडी एक्सरे: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

“मॅडम, त्या बोगद्यात जावं लागतंय का ओ?” कवठेमहांकाळहून आलेल्या मावशी दारातच थबकल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मालकांचा मिरजेत एमआरआय झाला होता. ती नळी, तो खडखडाट आणि बाहेर बाकड्यावर बसून काढलेला वेळ त्यांच्या मनातून गेला नव्हता. मी त्यांना आधी मशीन दाखवलं. एक उभा खांब, त्याला वरून एक आडवा हात आणि हनुवटी टेकवायला छोटी पट्टी, एवढंच. आडवं व्हायचं नाही, सुई नाही, औषध प्यायचं नाही, कशाच्या आत शिरायचं नाही. हे बघितलं आणि मग त्या आत आल्या.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका सेंटरवर मी हे मशीन चालवते. जत, आटपाडी, तासगाव, शिराळा, पलीकडून अथणी-चिकोडी, सगळीकडून माणसं येतात. दवाखान्यासाठी मिरज गाठायची या पट्ट्याची सवय मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासूनची आहे. पण येणाऱ्यांपैकी पुष्कळांना ‘स्कॅन करून या’ एवढंच सांगितलेलं असतं. कशासाठी, किती भागाचा, पुढं काय, काहीच ठाऊक नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातली एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. या स्कॅनला प्रश्न लागतो. ‘या अक्कलदाढेच्या मुळाला नस चिकटली आहे का?’, ‘इथं इम्प्लांट (नव्या दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसेल एवढं हाड उरलंय का?’ असा नेमका प्रश्न असला तर स्कॅन नेमकं उत्तर देतो. प्रश्नच नसला तर चित्रं सुंदर येतात, पण त्यांचा उपयोग होत नाही. पैसे जातात आणि अंगावर घेतलेली किरणंही फुकट जातात.

सावली आणि वस्तू

साधा एक्सरे म्हणजे सावली. भर दुपारी तासगावकडच्या द्राक्षबागेत मांडवाखाली उभं राहून जमिनीकडं बघा. वरखाली लोंबणाऱ्या दोन घडांची सावली एकच पडते. वरचा कुठला, खालचा कुठला, दोघांत अंतर किती, हे त्या सावलीवरून सांगता येत नाही. जबड्याचंही तसंच होतं. गालाकडचं हाड, दाताचं मूळ आणि जिभेकडचं हाड एकमेकांवर चढून एका सपाट चित्रात येतात.

८ नोव्हेंबर १८९५ ला राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि दोनच महिन्यांत जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्सरे काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं न हलता राहावं लागलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं दातांच्या डॉक्टरांचं काम मुख्यतः सावल्यांवरच चाललं. हाउन्सफिल्ड यांचं सीटी मशीन १९७१ मध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं, पण ते दातांच्या कामाला अवजड होतं आणि त्यात किरणंही जास्त लागत. १९९० च्या दशकात इटलीतल्या व्हेरोनाच्या मोत्सो आणि टाकोनी यांच्या चमूनं खास जबड्यासाठी वेगळ्या पद्धतीचं मशीन तयार केलं. त्याला आज आपण सीबीसीटी म्हणतो, म्हणजे कोन बीम सीटी. बॅटरीच्या झोतासारखा शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत तोंडाभोवती एकदाच फिरतो आणि फिरता फिरता दीडशेपासून पाच-सहाशेपर्यंत सावल्या टिपतो. एवढ्या बाजूंनी सावल्या मिळाल्या की कुठली वस्तू कुठं आहे याचा हिशेब कॉम्प्युटर मांडू शकतो. त्यातून जबड्याची छोट्या छोट्या चौकोनी कणांची घन प्रतिकृती तयार होते. कणाची बाजू साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटर असते, म्हणजे साखरेच्या बारीक दाण्याहून लहान. मग ती प्रतिकृती हवी तिथं कापून बघता येते: उभी, आडवी किंवा गालापासून जिभेपर्यंत.

कोणाला लागतो, कोणाला नाही

माझ्याकडं सगळ्यात जास्त लोक येतात ते इम्प्लांटसाठी. दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षभरात ते बरंच अरुंद होतं, आणि गालाच्या बाजूनं जास्त. वरून हिरडी भरलेली दिसते, म्हणून माणसाला वाटतं जागा भरपूर आहे. ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्सरेवर, हाडाची उंची दिसते, पण रुंदी दिसत नाही. शिवाय ओपीजीवर सगळं खऱ्यापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं. इम्प्लांटचा स्क्रू साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हाडाची भिंत उरावी लागते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस एका बारीक बोगद्यातून जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर अंतर सोडायचा नेम आहे. वरच्या दाढांवर सायनसची पोकळी असते. ही मापं सावलीवरून काढण्यात धोका आहे, म्हणून या कामाला स्कॅन लागतो.

दुसरा मोठा गट अक्कलदाढेचा. प्रत्येक अक्कलदाढेला स्कॅन लागत नाही, हे मुद्दाम सांगते. आधी ओपीजी काढतात. त्यावर दाढेची मुळं आणि नसेचा बोगदा एकमेकांवर चढलेले दिसले, तर मुळं नसेला खरंच टेकली आहेत की नस शेजारून जाते, हे स्कॅनमध्ये कळतं. ओठ बधीर राहण्याचा धोका किती, हे त्यावरून डॉक्टर तुम्हाला आधीच सांगू शकतात.

रूट कॅनॉल करूनही दुखणं थांबत नसेल तेव्हाही स्कॅन कामाला येतो. वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळं असली तरी चौथी बारीक नळी निम्म्याहून अधिक लोकांना असते आणि ती सुटली की आत जंतू राहतात. मुलामुलींचा वरचा सुळा बारा-तेराव्या वर्षीही हाडातच अडकून राहिला असेल, तर तो टाळूकडं आहे की ओठाकडं आणि शेजारच्या दाताचं मूळ खातोय का, हे बघायला लागतो. जबड्यातली गाठ, मोटारसायकलवरून पडून झालेलं फ्रॅक्चर, कानापुढच्या सांध्याचं हाड, यांसाठीही लागतो.

आता लागत नाही तो भाग. साधी कीड बघायला सीबीसीटी नको, छोटा एक्सरे त्यासाठी चांगला. ‘एकदा सगळंच बघून टाकू’ म्हणून नको. दाताला केसासारखी बारीक चीर असेल तर ती या स्कॅनमध्येही बऱ्याचदा दिसत नाही. आणि हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू या मऊ भागांचं यात जवळपास काही कळत नाही. आपल्या भागात आजही कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं असं काही असेल तर ‘स्कॅनमध्ये काही आलं नाही’ यावर निर्धास्त राहू नका. ते डॉक्टरांनी डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचं असतं, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. हे मी प्रत्येक मिश्री लावणाऱ्या आजींना सांगते, विषय दुसरा असला तरी.

चिठ्ठी वाचायला शिका

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडायच्या आधी चिठ्ठी उघडून बघा. तिच्यावर तीन गोष्टी हव्यात: तोंडाचा कुठला भाग, कशासाठी, आणि रिपोर्ट हवा की नुसत्या फाइल्स.

दातांचे आकडे समजून घेणं सोपं आहे. पहिला आकडा तोंडाचा कोपरा सांगतो: १ म्हणजे वर उजवीकडं, २ वर डावीकडं, ३ खाली डावीकडं, ४ खाली उजवीकडं. उजवं-डावं तुमचं, डॉक्टरांचं नाही. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मागं मोजत जायचा. म्हणून ३६ हा छत्तीस नव्हे, तीन-सहा: खालची डावी पहिली मोठी दाढ. ४८ म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ. १३ आणि २३ हे वरचे दोन सुळे. चिठ्ठीवर ४६ लिहिलंय आणि दुखतंय डावीकडं, असं असेल तर तिथंच विचारा.

मी हे काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. एका काकांच्या चिठ्ठीवर नुसतंच ‘सीबीसीटी’ लिहिलं होतं. काका म्हणाले, खालची दाढ. आम्ही खालचा जबडा घेतला. डॉक्टरांना हवा होता वरचा, सायनससकट. काकांना जतहून पुन्हा यावं लागलं आणि किरणंही दुसऱ्यांदा घ्यावी लागली. चूक चिठ्ठीची होती, पण फोन करून विचारलं नाही ही आमचीही होती. त्या दिवसापासून चिठ्ठी अर्धवट असली की मी मशीन सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन लावते. तुम्ही जाल त्या सेंटरवर कुणी असा फोन करत असेल तर दहा मिनिटं थांबायचा कंटाळा करू नका.

भागाचा आकार हा चिठ्ठीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. साधारण ५ बाय ५ सेंटिमीटरमध्ये तीन-चार दात मावतात. रूट कॅनॉलला, एका इम्प्लांटला किंवा एका अक्कलदाढेला तेवढं पुरतं, आणि छोट्या भागात चित्रही जास्त बारकाव्याचं येतं. ८ ते १० सेंटिमीटरमध्ये एक किंवा दोन्ही जबडे येतात. १५ सेंटिमीटर आणि त्याहून मोठा भाग पूर्ण चेहऱ्यासाठी, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया किंवा मोठा अपघात असेल तेव्हा. भाग वाढला की किरणं वाढतात आणि बहुतेक ठिकाणी दरही वाढतो. ‘एवढेच पैसे जादा देऊन सगळं तोंड काढून घेऊ का?’ असं लोक विचारतात. गरज नसेल तर नको, असंच मी सांगते. दर विचारताना मात्र एक खात्री करून घ्या: त्यात रिपोर्ट धरला आहे का, आणि सीडी किंवा पेन ड्राइव्ह मिळणार आहे का.

घरून निघताना

उपाशी यायचं नाही. जतहून पहाटेची एसटी धरून, पोटात काही न घालता आलेली आजी उभी राहताच घामेजते आणि मग स्कॅन हलतो. नेहमीसारखं खा, बीपी-शुगरच्या गोळ्या घ्या, दात घासून या. तंबाखू-मावा तोंडात ठेवून येऊ नका. हनुवटी टेकवून दातांत पट्टी धरायची आहे.

सोबत आणायचं: चिठ्ठी, जुने एक्सरे किंवा ओपीजी, काढता-घालता येणारी कवळी असेल तर तीही, आणि इम्प्लांटसाठी डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा साचा दिला असेल तर तो. तो साचा तोंडात घालूनच स्कॅन करायचा असतो. त्यातल्या खुणा चित्रात दिसतात आणि नवा दात कुठं येणार हे हाडावर ताडून बघता येतं. साचा घरी विसरला तर फेरी फुकट जाते.

दागिन्यांचा विषय नाजूक आहे, म्हणून नीट सांगते. कानातलं, वेल, झुबे, नथ, चमकी, केसांच्या पिना, क्लिपा, चष्मा, कानाचं मशीन, डोक्यावरच्या ओढणीच्या टाचण्या, हे सगळं काढावं लागतं. धातू किरण अडवतो आणि चित्रात पांढऱ्या-काळ्या रेघांचा फवारा उडतो. कानातलं दातांपासून लांब आहे असं वाटतं, पण झोत चारी बाजूंनी फिरतो, त्यामुळं कुठल्या ना कुठल्या क्षणी ते मध्ये येतंच. छातीवर रुळणारं लांब मंगळसूत्र बहुतेक वेळा आड येत नाही. गळ्यालगतचं छोटं मंगळसूत्र, ठुशी, चेन मात्र काढावी लागते, विशेषतः खालच्या जबड्यासाठी. मंगळसूत्र काढायला मन तयार होत नाही अशा काही मावशी घरूनच दोऱ्यात हळकुंड बांधून येतात. दोरा आणि हळकुंड खुशाल राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. जोडवी, बांगड्या, कडदोरा यांना हात लावायची गरज नाही.

चमकी वर्षानुवर्षं काढलेली नसेल आणि फिरकी अडकली असेल तर आधी गावातल्या सोनाराकडून सैल करून आणा. सेंटरवर ओढाताण करून नाक दुखवून घेऊ नका. सोन्याच्या वस्तू घरीच ठेवलेल्या बऱ्या. नाहीच जमलं तर सोबतच्या माणसाच्या हातात द्या. केसांचा अंबाडा पिनांनी बांधण्यापेक्षा साधी वेणी घालून या.

मशीनपाशी

नाव, वय, चिठ्ठी यांची नोंद झाली की मी तीन गोष्टी विचारते: दिवस गेलेत का किंवा पाळी चुकली आहे का, तोंडात काय काय धातू आहे, आणि नुकताच दुसरीकडं कुठं स्कॅन झालाय का. तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. सहा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनच्या फाइल्स मिळाल्या तर कधीकधी नवा लागतच नाही.

मग तुम्हाला मशीनसमोर उभं करतो, किंवा बसवतो. गुडघे दुखत असतील, चक्कर येत असेल तर बसायला मागा, संकोच करू नका. हनुवटी पट्टीवर, हात दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर. पुढच्या दातांत प्लॅस्टिकची छोटी पट्टी धरायला देतो. तिच्यावरचं आवरण दर पेशंटला नवं असतं. पुढचे दात नसतील तर कापसाची गुंडाळी धरायला देतो. इम्प्लांटच्या स्कॅनला कधीकधी गाल आणि हिरडीच्या मध्येही कापसाच्या गुंडाळ्या ठेवतो, म्हणजे गाल बाजूला राहतो आणि हिरडीची जाडीही कळते. डोक्याला दोन्ही बाजूंनी आणि कपाळावर आधार लावतो. चेहऱ्यावर लाल किंवा हिरव्या प्रकाशाच्या रेघा पडतात. त्या फक्त डोकं सरळ आहे का बघायला असतात, त्यात क्ष-किरण नसतात. एवढं बसवायलाच चार-पाच मिनिटं जातात आणि तिथं घाई करणारं सेंटर मला आवडत नाही.

यानंतर मी बाहेर जाते आणि काचेतून तुमच्याकडं बघत राहते. मशीनचा हात डोक्याभोवती सावकाश फिरतो, साधारण १० ते २० सेकंद, काही मशीनवर थोडं जास्त. बारीक घरघर ऐकू येते, शेवटी एक बीप. अंगाला काहीच लागत नाही. त्या वेळात तुमचं काम एवढंच:

१. आधी एकदा आवंढा गिळून घ्या, मग गिळू नका.
२. जीभ टाळूला टेकवून ठेवा.
३. नाकानं हळू श्वास चालू द्या. दम रोखून धरलात तर शेवटी शेवटी मान हलते.
४. डोळे मिटा. फिरणारा हात दिसला की नजर त्याच्यामागं जाते आणि नजरेमागं डोकं.

चौथी सूचना मी सगळ्यात ठासून देते. एका मिलिमीटरच्या हलण्यानं कडा दुहेरी येतात, आणि इथं तर आपल्याला दोन मिलिमीटरचं अंतर मोजायचं असतं. म्हणून आधी एकदा मशीन किरणांशिवाय फिरवून दाखवायला सांगा. बहुतेक मशीनवर ते करता येतं. लहान मुलांना आणि घाबरलेल्या आजी-आजोबांना मी ते हमखास दाखवते. मुलांना मी मनातल्या मनात वीसपर्यंत पाढा म्हणायला सांगते, ओठ न हलवता.

कंपवात असलेल्या माणसांचं काम अवघड असतं. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेची अपॉइंटमेंट मागून घ्या. पट्टी दातांत धरली की उलटीसारखं होतं असं असेल तर आधी सांगा, नुसत्या हनुवटीच्या आधारावरही काम होतं. व्हीलचेअर असेल तर फोनवरच विचारा, काही मशीन तेवढी खाली येत नाहीत.

किरणांचा हिशेब

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि विचारलाच पाहिजे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपण सगळेच रोज थोडी किरणं घेत असतो. किरणं मोजायचं माप म्हणजे मिलिसिव्हर्ट, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसिव्हर्ट. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. त्या मापानं दाताचा एक छोटा डिजिटल एक्सरे एका दिवसाएवढा किंवा कमी भरतो. ओपीजी दोन-चार दिवसांएवढा. छोट्या भागाचा सीबीसीटी साधारण आठवड्यापासून दोन-तीन आठवड्यांएवढा, पूर्ण चेहऱ्याचा महिनाभराएवढा आणि काही मशीनवर त्याहूनही जास्त. डोक्याचा मेडिकल सीटी २ मिलिसिव्हर्टच्या घरात, म्हणजे दहा महिन्यांएवढा. यावरून दोन गोष्टी कळतात: स्कॅनला भिऊन आवश्यक उपचार टाळण्यात अर्थ नाही, आणि विनाकारण काढण्यातही नाही. मुलांच्या वाढत्या शरीराला किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. त्यांच्यासाठी भाग लहान आणि किरणांची मात्रा कमी ठेवलीच पाहिजे. ‘मुलासाठी सेटिंग कमी केलं का?’ असं सरळ विचारा. ज्याला काम येतं तो रागावणार नाही.

पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारा किरणांचा अंश अगदी नगण्य असतो, कारण झोत जबड्यावर रोखलेला असतो. तरीही दिवस गेले असतील तर सांगा. इम्प्लांटसारखं थांबण्याजोगं काम बाळंतपणानंतर करतात. सूज, ताप, फ्रॅक्चर असं तातडीचं असेल तर डॉक्टर विचार करून ठरवतात. अंगावर पाजणाऱ्या आयांना काहीच अडचण नाही, दूध टाकून द्यायचं कारण नाही.

शिशाच्या एप्रनबद्दल हल्ली मत बदललंय. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्सरेला आणि सीबीसीटीलाही एप्रन किंवा गळपट्टा लागत नाही, झोत नेमका आखलेला असणं जास्त महत्त्वाचं. आम्ही अजून एप्रन घालतो, माणसाला धीर येतो. गळपट्टा मात्र खालच्या जबड्याच्या चित्रात आड येतो म्हणून वापरत नाही. तेव्हा गळ्याला काही बांधलं नाही म्हणून घाबरू नका. त्याऐवजी, मशीन अणुऊर्जा नियामक मंडळाकडं नोंदलेलं आहे का, हे बघा. प्रत्येक एक्सरे मशीनला ती नोंद लागते. मुलाला धरायला आत थांबावं लागलंच तर मात्र धरणाऱ्यानं एप्रन घालायलाच हवा, आणि धरणारी बाई गरोदर नसावी.

चित्रं हातात आल्यावर

चित्र पाच-दहा मिनिटांत तयार होतं. ते नीट आलंय याची खात्री होईपर्यंत थांबा, कानातलं घालायची घाई करू नका. नंतर रिपोर्ट तयार होतो. तो ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजी विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांनी वाचलेला असावा, असा माझा आग्रह आहे. कारण तुमचा प्रश्न एका दाढेचा असला तरी चित्रात जे जे आलंय ते सगळं कुणीतरी डोळ्यांखालून घालायला हवं.

कापांच्या छापील पानावर सगळ्यात पांढरे दिसतात ते धातू आणि दातावरचं कवच. हाड राखाडी, हवा काळी. खालच्या जबड्याच्या कापांत एक छोटा काळसर गोल दिसतो, त्याला पांढरट कड असते. तोच नसेचा बोगदा. एकेक काप साधारण एकेक मिलिमीटरवर घेतलेला असतो आणि त्याला आकडा असतो. बहुतेक चित्रांत तुमची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते, जणू समोरचा माणूस तुमच्याकडं बघतोय. त्यावरून गोंधळू नका.

रिपोर्टातले काही शब्द वारंवार भेटतात. ‘बक्कल’ म्हणजे गालाकडचं, ‘लिंग्वल’ जिभेकडचं, ‘पॅलेटल’ टाळूकडचं. ‘इम्पॅक्टेड’ म्हणजे अडकलेला दात. ‘पेरिएपिकल रेडिओल्युसन्सी’ म्हणजे मुळाच्या टोकाशी काळी जागा, बहुतेकदा जुना संसर्ग. ‘सायनस म्युकोसल थिकनिंग’ वाचून पळूसच्या एका दादांची झोप उडाली होती. ते सायनसच्या आतल्या अस्तराची सूज सांगतं, आणि काहीच त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांच्या स्कॅनमध्येही सापडतं. त्याच बाजूची वरची दाढ किडलेली असेल तर मात्र डॉक्टरांना दोन्हीचा संबंध विचारा.

धातूची अडचण इथंही पुन्हा येते. जुनी धातूची टोपी, मुळातली धातूची काडी किंवा आधीचं इम्प्लांट असेल तर त्याच्या आजूबाजूला काळे पट्टे पडतात. त्या पट्ट्यांत कीड किंवा चीर असल्याचा भास होतो, किंवा असलेली झाकली जाते. टोपी बदलायचीच ठरली असेल तर ती काढल्यावर स्कॅन करता येईल का, हे दातांच्या डॉक्टरांना आधी विचारा. चित्रात मोठा फरक पडतो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडं जाल तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नावर या. “नस किती मिलिमीटरवर आहे?” “हाडाची रुंदी किती आली, आणि त्यात भर घालावी लागेल का?” “हे बघून तुमचा आधीचा बेत बदलला का?” स्क्रीनवर तो काप उघडून दाखवायला सांगा. कवठेमहांकाळच्या मावशींना त्यांच्या डॉक्टरांनी असंच दाखवलं. एका जागी हाड भरपूर होतं, शेजारच्या जागी चारच मिलिमीटर. दोन इम्प्लांटचं ठरलं होतं, त्याचं एक झालं आणि दुसऱ्या जागेसाठी आधी हाड भरायचं ठरलं.

शेवटचं काम फाइल्स सांभाळण्याचं. सीडी किंवा पेन ड्राइव्हवर ‘डायकॉम’ फाइल्स आहेत ना, हे विचारून घ्या. तीच खरी घन प्रतिकृती. छापील फिल्म म्हणजे तिच्यातले निवडक काप. दुसरा सल्ला घ्यायला पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचं झालं तर तिथले डॉक्टर डायकॉमच मागतात, मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो त्यांच्या कामाचा नसतो. सीडी खराब होतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी सांगून कॉम्प्युटरवर एक प्रत काढून ठेवा, आणि पाकिटावर नाव, तारीख आणि दाताचा आकडा पेनानं लिहा. कपाटात ओपीजी, सोनोग्राफी आणि हाडाच्या एक्सरेंची पाकिटं एकत्र पडलेली असतात. दोन वर्षांनी हीच सीडी शोधायची वेळ येते तेव्हा त्या लिहिलेल्या ओळीवरून ती हाताला लागते.